शब्दाचं मोल

तीर्थरूप सासरेबुवांस,

जावयाचा खाली वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? रक्तदाब? (हे पत्र वाचून झाल्यावर पुन्हा एकदा मोजावा.) आपली कन्या बॅग घेऊन आपल्याकडे आली आहे आणि कारण सांगत नसेल. तिला परत न्यायचं आहे, म्हणून कारण मीच सांगतो.

आमच्या कारखान्यात धातू धुऊन उरलेलं ॲसिड गटारात सोडण्याआधी कॉस्टिक सोडा घालून त्याचा जहालपणा मारायचा, हे माझं काम. निम्मं-निम्मं ओतून भागत नाही, कण मोजावे लागतात. त्या मापाला मोल म्हणतात. सल्फ्युरिकच्या एका मोलाला कॉस्टिकचे दोन मोल, कारण त्याच्या एकेका कणाला दोन नांग्या. (हे मी झोपेतही बडबडतो असं ही म्हणते, आणि कौतुकानं म्हणत नाही.) तर विषय साधा होता, पडद्यांचा. मी न विचारता करडे आणले. ही म्हणाली, "या घरात माझ्या शब्दाला काही मोल आहे का?" शहाण्या माणसानं इथे गप्प बसावं. मी पेन्सिल घेतली.

हिशेब असा निघाला, की हिच्या प्रत्येक वाक्याला दोन नांग्या, एक मला आणि एक माझ्या आईला. माझ्या एका 'चुकलं'नं एकच मोडते. म्हणजे वाक्यामागे दोन 'चुकलं'. मी तेवढे घडाघडा म्हणून टाकले, वर समीकरणही दाखवलं. याला म्हणतात काय, असं तिनं विचारलं. मी भाबडेपणानं पुस्तकातला शब्द सांगितला, उदासीनीकरण. लग्नाच्या बायकोला उदासीन करायला निघालाय, असा अर्थ घेऊन ही कपाटाकडे गेली. दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ॲसिड दोन आणि कॉस्टिक एक, असं उलटं ओतलं, आणि उडालेल्या थेंबांनी साहेबांच्या पँटची चाळणी झाली. साहेब म्हणाले, "अरे, प्रमाण बरोबर असलं तरी ते तापतंच. म्हणून थेंबाथेंबानं घालायचं, ढवळत." मी घरी सगळं एकदम ओतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आपला (अजून तरी) जावई

ता. क. हे तिला वाचून दाखवू नये. दाखवल्यास 'सल्फ्युरिक'च्या जागी 'लिंबू' म्हणावं.

ता. क. आणखी पुष्कळ 'चुकलं' शिल्लक आहेत. एक आईला देऊन पाहिला. ती म्हणाली, "मला कशाला? तिला दे." घर खायला उठतं, बाबा.

ता. क. पाकिटावर तिकीट नाही, कारण मी तुमच्याच जिन्यात बसलोय. दार तिनं उघडावं एवढीच विनंती. एकदम नको, किलकिलं केलं तरी चालेल.