मॅडमची भाकर

आई, आज मी तुझ्या मॅडमची भाकर केली आणि पहिली खेप सगळी कचऱ्याच्या डब्यात गेली. तू असतीस तर पाठीत धपाटा घालून विचारलं असतंस, "बटाटे उकडलेस की खळ केलीस गं?" तू मस्कतला ज्या आयरिश बाईकडे स्वयंपाकाला होतीस, तिच्या माहेरची ही बटाट्याची पोळी. ती तिला पोटॅटो ब्रेड म्हणायची. तू सुट्टीवर वसईला आलीस की आम्हाला करून घालायचीस, म्हणून आमच्या घरात तिचं नाव मॅडमची भाकर पडलं. तू गेलीस आणि ती भाकरही गेली. तुझ्यामागे मला सांभाळणाऱ्या मावशीनं कधी केली नाही, मीही केली नाही. मला ती आवडायची नाही असं नाही. पण ती तव्यावर पडली की वाटायचं, आता आठवडाभरात आईची सुट्टी संपणार. मग अर्धी भाकर ताटलीत तशीच राहायची.

आता मीही त्याच मस्कतमध्ये आहे, आणि हे तुला ठाऊक नाही. लग्न करून आले, ती इथलीच झाले. बौशरला एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसते. दिवसभर लोक समोर येऊन उभे राहतात, प्रत्येकाला आधी जायचं असतं, आणि आमचा अर्बाब, क्लिनिकचा मालक, केबिनमधून घाई लावत ओरडतो, "यल्ला, यल्ला!" माझं यल्ला कधीच संपलंय गं. घरी आले की चप्पल काढायचाही कंटाळा येतो. सुरुवातीला मी मदिनत सुलतान काबूसच्या बंगल्यांच्या वस्तीत जाऊन तुझ्या मॅडमचं घर शोधायची. शोधणार काय, कपाळ! तू एवढंच सांगितलं होतंस की पांढरी भिंत आणि वर बोगनवेल. तिथे सगळ्याच भिंती पांढऱ्या आणि सगळ्यांवर बोगनवेल. दोन-तीनदा फिरले आणि सोडून दिलं.

तुझी नात नर्स झालीय. तुझ्याच जिवणीची, तुझ्यासारखीच हसताना तोंडावर हात धरते. मराठी तिची अडखळत चालते, पण बोलते बिचारी माझ्याशी. तिला नोकरी आलीय, कुठे म्हणशील? आयर्लंडला. तुझ्या मॅडमच्या देशात. तिथल्या हॉस्पिटलला ह्या रविवारी हो किंवा नाही कळवायचंय, आणि ही पोरगी माझ्यावर सोडून बसलीय. तिचे पप्पा म्हणाले, "जाऊ दे की, तिचं आयुष्य आहे." त्यांना बोलायला काय जातं! ती त्यांना विचारतच नाहीये. मला विचारतेय. "मम्मी, तू नेहमी सांगतेस ना, आई लांब असली की काय होतं ते मला विचारा. सो आय ॲम आस्किंग. मी लांब गेले तर तुला काय होईल?" महिनाभर मी टाळतेय. कधी डोकं दुखतंय म्हणते, कधी चर्चमध्ये मिस्साला उशीर होतोय म्हणते. मग काल म्हणाली, "ओके, उत्तर नको. आजीची ती बटाट्याची भाकर तरी कर. तिकडे गेले तर तिकडची खाईन, आधी आपली खाऊ दे."

आज शुक्रवार, सुट्टी. मवालेहच्या भाजीबाजारातून आणलेले बटाटे घरात होते. उकडले, सोलले, कुस्करले, मैदा घातला आणि पुढे माझे हातच चालले, डोकं नाही. आपल्या तांदळाच्या भाकरीची उकड मळतो तसा पाण्याचा हात लावला आणि तळव्यानं रगडायला लागले. उकड जितकी मळू तितकी भाकर मऊ, हे मावशीनं इतकं ठोकून बसवलंय की दुसरं सुचतच नाही. बटाट्याचं नेमकं उलटं. तो जितका मळावा तितका चिकट. लाटण्याला चिकटला, ओट्याला चिकटला, वर मैदा मारत गेले तर दगड झाला. तव्यावरून काढून लेकीला दिला. ती चावते आहे, चावते आहे. "मम्मी, धिस इज च्युइंग गम!" मी हसले आणि मला रडूच आलं. अगं, एक भाकर जमत नाही म्हणून नाही. तिच्यासमोर रडायला काहीतरी निमित्त लागतंच ना.

मग मला तू दिसायला लागलीस. वसईचं स्वयंपाकघर आहे, खिडकीतून केळीची पानं आत आलीत, तू सुट्टीवर आहेस आणि अंगाला अजून त्या परक्या साबणाचा वास येतोय. मी शेजारी उभी राहून तुझ्या बटाट्यात पाण्याचा हात घालते आणि तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "पाणी नाही! आणि मळायचं नाही गं बाई, ही काय उकड आहे? नुसतं एकत्र आण आणि सोड. जास्त हात लावला की बिघडतं." उकडलेल्या बटाट्यातलं पाणी ओतून तू टोप पुन्हा विस्तवावर धरतेस, वाफ पार जाऊ देतेस. गरम आहेत तोवरच लोणी, मीठ, मूठभर मैदा. थंड होऊ द्यायचे नाहीत. हलक्या हातानं जाडसर लाटतेस. नाताळात तळायच्या फुग्यांच्या पिठावर झाकण घालण्याआधी आपण काढतो तसा सुरीनं वर क्रूस काढतेस आणि त्याच रेघांवरून कापतेस. चार चतकोर. मॅडमकडे त्या तुकड्यांना काहीतरी इंग्रजी नाव होतं, तुला ते कधी नीट म्हणता आलं नाही. "चतकोरच म्हणायचं, तिच्या घरी आणि आपल्याही," म्हणायचीस.

दुसरे बटाटे लावले. ह्या वेळी हात आवरले. बोटं भाजत होती तरी थांबले नाही, आणि मळलं नाही. कोरड्या तव्यावर चारही चतकोर नीट बसले, खाली तपकिरी ठिपके आले, घरभर तुझा वास झाला. लेक मागे स्टुलावर बसली होती. मी उलटायला कालथा घातला आणि तिनं विचारलं, "मम्मी, जाऊ का?"

आई, तूही असंच विचारलं होतंस. पप्पा वारल्यानंतर तू पहिल्यांदा इकडे निघालीस त्या सकाळी. तू माझ्या मागे बसून वेणी घालत होतीस, म्हणजे तुझं तोंड मला दिसत नव्हतं. म्हणालीस, "मी जाऊ ना गं?" मावशीनं मला आदल्या दिवसापासून पढवून ठेवलं होतं. आईनं विचारलं तर जा म्हणायचं, रडायचं नाही, नाहीतर तिचा पाय निघणार नाही. मी शहाणी पोर. म्हटलं, "जा." तू म्हणालीस, "बरं." मग घातलेली वेणी सोडलीस आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतलीस. मला वाटलं, वाकडी झाली असेल. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं.

मी तव्याकडेच बघत म्हटलं, "जा." ती म्हणाली, "बरं." तिला बरं म्हणायची सवय नाही गं, ती ओके म्हणते. मी दोन चतकोर तिच्या ताटलीत घातले, वर लोणी ठेवलं. तिनं दोन्ही खाल्ले. "सेम आजीसारखी?" विचारलं. मी म्हटलं, "जवळपास." मग बोटानं लोणी पुसत ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू नको म्हणशील." मी म्हटलं, "म्हटलं असतं तर राहिली असतीस?" "नाही, गेलेच असते. पण एकदा तरी म्हणायचंस ना, मम्मी."

ती आता मैत्रिणींना सांगायला बाहेर गेलीय, हे आत झोपलेत, आणि मी ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. कुठे पाठवणार? आपल्या देवळामागच्या दफनभूमीतली तुझी जागासुद्धा राहिली नाही, कधीच दुसऱ्या कुणाला दिली. तेव्हा घडी घालून माझ्या पर्समध्येच राहील, क्लिनिकच्या चाव्यांबरोबर. दोन चतकोर उरलेत, गार झालेत, ते मीच खाईन. तू ती वेणी का सोडलीस ते आज कळलं गं मला. तुलाही जायचंच होतं, फक्त एकदा ऐकून जायचं होतं. आई, मला दोन्ही वेळा 'नको'च म्हणायचं होतं.