बाकावर डबा खाणारा माणूस

घुग्घुस, रविवार संध्याकाळ

सिमेंट कारखान्यातलं काम सुटून पंधरा दिवस झाले. बायकोला, वंदनाला, अजून सांगितलेलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि नदीकाठी बसून खायचो.

आज दुपारी टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लागला. त्यातला कारकूनही नोकरी गेल्याचं घरी लपवतो, बागेतल्या बाकावर डबा खातो. म्हणजे तेव्हाही असेच दिवस होते, आणि माणसं त्यातून निभावली. बरं वाटायला हवं होतं ना? पण तो बाक, तो डबा... बघवेना.

वंदना म्हणाली, "काऊन सांगत नाई हा? बायको काय खाऊन टाकते त्याले?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंबी काम गेलं."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून तुमच्या शर्टावर सिमेंट नाई."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगाची वाट पाहून राह्यली होती."

सिनेमाचा शेवट पाहायचा राहूनच गेला. काम कधी मिळेल, ठाऊक नाही. जीव थाऱ्यावर नाही. पंधरा दिवस ती हे एकटी सोसत होती, आणि मी नदीकाठी बसून स्वतःचीच कीव करत होतो.