खांबाला बांधलेला कागद

१२ जानेवारी, रविवार
घडलेलं, क्रमाने:
१. धरणगावला मंदाबाई काकूकडे गेले. आई वारल्यापासून दर रविवारी जेवायला जाते.
२. तिच्या एकुलत्या म्हशीची कास सुजली होती.
३. डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं सांगितली.
४. शेजारचे झुलालआबा म्हणाले, दोन बस झाली, बाकीची ठेवून दे.
५. मी हस्तक्षेप केला. जळगावच्या लॅबमध्ये जंतूंवर औषधं तपासणं हेच माझं काम.
कोर्स पाच दिवस, पुढे चार दिवस औषध दुधात उतरतं. मी सूचना लिहिली : ‘२० जानेवारीपर्यंत हे दूध डेअरीला घालू नये.’ लॅमिनेट करून गोठ्याच्या खांबाला बांधली. काकू चौथी शिकलेली. दोनदा मोठ्याने वाचली.
आबा म्हणाले, “लॅबवाली उनी. आते म्हशीलेबी चष्मा लागी.” दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी
काकूचा फोन. डेअरीला थेंबही नाही. वर हसून म्हणाली, “पारडीनी मज्जा शे.” पारडी म्हणजे म्हशीचं रेडकू, दीड महिन्याचं. तिचा विषयाशी संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार
म्हैस बरी. सूचना शंभर टक्के यशस्वी. हीच सूचना तालुकाभर लावायची. परिषदेसाठी पोस्टरही करायचं. मसुदा जेवतानाच मोबाइलवर सुरू केला. काकू बादली घेऊन पारडीकडे गेली तेव्हा दुसरा परिच्छेद चालू होता.
पारडी पातळ हगते आहे. थंडी असावी.

२३ जानेवारी, सायं. ६
पारडी उठत नाही. डॉक्टरांच्या इंजेक्शनांचा उपयोग नाही. शेणाचा नमुना मी स्वतः जळगावला आणून लॅबमध्ये तपासणीला लावला. काकूला सांगितलं, कोणतं औषध चालेल ते मी शोधते, काळजी करू नकोस.

२५ जानेवारी, शनिवार, सायं. ७
नमुन्यातले जंतू वाढवलेली प्लेट वाचली. बारा औषधांच्या चकत्या. अकरांना चिकटून जंतू वाढलेत. बाराव्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ, १९ मिमी. म्हणजे हे औषध चालेल. इतकी देखणी प्लेट वर्षभरात पाहिली नव्हती. पोस्टरसाठी फोटो काढला.
फोन केला नाही. लॅबप्रमुख सरांची सही सोमवारी होईल. सही नसलेला रिपोर्ट तोंडी सांगायचा नाही, हा माझा नियम आहे. दोन दिवसांनी फरक पडत नाही.

२६ जानेवारी, रविवार
पारडी पहाटे मेली.
काकूला विचारलं, त्या नऊ दिवसांचं दूध कुठे गेलं? म्हणाली, “पारडीले पाजं. दूध काय गटारमा वतू? तुनं कागदवर डेअरीच लिखेल व्हती.”
म्हणजे नऊ दिवस पारडीला औषधाचं दूध. जे जंतू औषधाला दाद देत नाहीत तेवढेच पोटात उरले आणि वाढले. हे मी तिला नीट समजावलं. सूचनेचा मजकूर चूक नव्हता, अपुरा होता, हेही.
तिने विचारलं, मग एखादं औषध होतं का? मी खरं सांगितलं : होतं, काल संध्याकाळी कळलं.
काकू उठून गोठ्यात गेली. म्हैस पारडीच्या रिकाम्या खुंट्याकडे बघून हंबरत होती. पारडी नाही, म्हणून पान्हा सोडत नाही. आबा ओट्यावर होते. आज चष्म्याचं काही बोलले नाहीत.
जेवण झालं नाही. बसस्टँडवर बिस्किटं खाल्ली.

२८ जानेवारी
सुधारित सूचना तयार : ‘डेअरीला घालू नये. वासराला पाजू नये.’ काकूला व्हॉट्सॅपवर पाठवली. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. सूचना स्पष्ट असल्याने शंका नसावी.

२ फेब्रुवारी, रविवार
गेले नाही. लॅबमध्ये काम होतं.
लॅब रविवारी बंद असते.

५ फेब्रुवारी
पोस्टरमधून फोटो काढून टाकला. काकूला पाठवायचा मजकूर, चौथी खेप :

ती. काकू,
त्या शनिवारी मी फोन करायला हवा होता. या रविवारी जेवायला येऊ का? कागद आणणार नाही. शनिवार, ८ फेब्रुवारीपर्यंत कळव.
पुनम