मांडीचं माप पोटात

ती. ताईस, तुझ्या शिंपी भावाचा नमस्कार.

मी मजेत आहे. एक कोडं मात्र सुटत नाही. वजनकाटा पाच वर्षं बहात्तरवरच आहे, पण पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. म्हणून टेपने स्वतःचीच मापं घेतली. कंबर दोन इंच जास्त, मांडी दीड इंच कमी. कापड तेवढंच, मग बेतणी कोणी बदलली?

मी शिवणकाम करतो त्या कारखान्यातली नर्स म्हणाली, "काका, वयाबरोबर स्नायू झिजतात आणि चरबी वाढते. काट्याला ते कुठून कळणार? हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

तिसऱ्या वेळी हात आपोआप टेबलावर गेला. तू काळजी करू नकोस. आता रोज मशीन बंद केलं की दहा वेळा उठतो-बसतो. शाळेत शिक्षा म्हणून काढायचो, त्याच उठाबशा.

तुला जमतं का गं? गुडघे काय म्हणतात?

तुझ्यासाठी ब्लाउज बेततोय. माझ्या वहीत तुझा दंड साडेअकरा इंच आहे, पण ते जुनं झालं. नवीन माप घेऊन कळव. नेहमीसारखं "आहे तसंच आहे" लिहू नकोस. मी बाही त्याच मापाची शिवेन, आणि ती लोंबली की तुझं खोटं तूच अंगावर घालून फिरशील.

उठाबशा काढणारा,
तुझा धाकटा