चौसाळ्याची सहकुटुंब फेरी

चकलांबा,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय गुफरान,

पाळण्याचं बेअरिंग गेलंय आणि मालक ते आणायला बीडला गेलाय, म्हणून मला आज काम न्हाई. जत्रेतला बंद पाळणा लई उदास दिसतो बघ. पोरं खाली येऊन उभी राहतेत, वर बघतेत, आणि भेळ खाऊन घरी जातेत. पण ते जाऊ दे. तुला फोन करता आला असता. पण फोन केला की तू आधी हसतोस, "बोल बे परम्या" म्हणतोस, आणि माझा निम्मा राग तिथंच उतरतो. कागदावर राग टिकतो. म्हणून किराणावाल्याकडून ही पानं मागून घेतली आणि सगळ्यात खालच्या पाळण्यात बसून लिहितोय. अक्षर हललेलं दिसलं तर समज की वारं सुटलंय.

सरळच सांगतो. मी तुझ्यावर जळतो. तुझ्या गॅरेजवर न्हाई, तुझ्या गाडीवर न्हाई, रुकसाना भाभीच्या हातच्या खिम्यावरही न्हाई. माझ्या घरात माझी जागा तू घेतलीस का, एवढंच मला विचारायचंय, आणि ते विचारायला मला वर्ष लागलं.

परवा तू स्टेटस ठेवलंस. "नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब शिवारफेरी, चौसाळा. हुरडा, बोरं, भज्जी, आंबील. लेकरांना घेऊन या." खाली मागच्या वर्षीचा फोटो. त्यात माझी माय. पदरावरून लाल टोपी घातलेली, टोपीचा पांढरा गोंडा कानावर लोंबतोय, कडेवर तुझी आयशा, आणि माय दात काढून हसतीय. मी तो फोटो किती मोठा करून बघितला असंल! माझ्या आधार कार्डाच्या वेळी तिला म्हणलं होतं, माय, एक फोटो काढू दोघांचा. "माझं काय बघायचंय थोबाड," म्हणून आत गेलती. तुझ्यासाठी टोपी घालती. आधी तू तिला काकू म्हणायचास. आता माय म्हणतोस, आणि ती ओ देती.

ती वाट तुला दाखवली कुणी, सांग बरं. बीडला अकरावीला मी तुझ्या अब्बांच्या, पाशा चाचांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, तू खाली गॅरेजात स्कूटरी उघडून बसायचास. माझ्यापेक्षा मोठा, पण अभ्यासाला बसलो की मला पाना धरायला तूच बोलवायचास. क्लासच्या सरांनी नाताळाची सुट्टी दिली तेव्हा मीच तुला ओढून नेलं. हायवेला उतरलो, ओढा ओलांडला, बोरीच्या बनातून, तुरीच्या धुऱ्यानं आमच्या रानात. तुझे ते शहरातले बूट गाळात रुतले आणि तू ओढ्यात उभा राहून माझ्या नावानं ओरडत होतास. आमचा खोंड नुसता फुरफुरला तर तू बांधावर. मायनं आंबील दिली तर लस्सी समजून गटागट प्यालास आणि मग विचारलंस, "काकू, साखर विसरल्या का?" बाबा त्यावर आठ दिवस हसत होते. माझ्या कुठल्या गोष्टीवर ते आठ दिवस हसले, मला आठवत न्हाई. चिडलेले मात्र आठवतेत.

मग मी क्लास सोडला, बीड सोडलं, रसवंतीवर राहिलो, पांढऱ्या मेंढरांवाल्या धनगराबरोबर एक उन्हाळा काढला (त्याच्याकडं एक मेंढी होती, ती रेडिओ लावल्याबिगर चरायची न्हाई, तिची गोष्ट कधीतरी सांगीन), आणि शेवटी या पाळणेवाल्यांत आलो. तू मात्र ती वाट धरून ठेवलीस. आयशाच्या इंग्लिश शाळेला नाताळाची सुट्टी पडली की पोरीला न्यायचं कुठं, बीडात हाय काय, म्हणून तिला चौसाळ्याला नेलंस. दुसऱ्या वर्षी शेजारची दोन घरं, मग भाभीच्या ओळखीच्या बाया, मग कोण डॉक्टर, कोण वकील. थंडीच्या सकाळी सगळी घरंच्या घरं माझ्या वाटेनं चालतेत आणि पुढं बाबा काठी घेऊन. बाबा! मला शाळेत सोडायला ज्याला कधी वेळ घावला न्हाई, तो माणूस बीडच्या लेकरांना हरभऱ्याचं घाटं कसं सोलायचं ते दाखवतो.

आता जे सांगतोय ते तुला ठाऊक असंल किंवा नसंल. मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी आलतो. ती नाताळाच्या सुट्टीतच पडलती.

सोलापूरकडं चाललेल्या ट्रकमध्ये आमचं सामान होतं. चौसाळा आलं तसा मी म्हणलं, मला उतरू दे, मी मागून येतो. हायवेच्या कडंला तुझ्या गाड्या उभ्या होत्या. लेकरांच्या डोक्यावर लाल टोप्या, बायांच्या हातात थर्मास, एक साहेब पांढऱ्या बुटांत, ते बूट बघून मला आधीच हसू आलतं. मी कानटोपी घातलेली, वर मफलर, दाढी वाढलेली. घोळका निघाला तसा मीपण निघालो. एक बाई, बोरं गोळा करायला डबा घेऊन आलेल्या, मला म्हणल्या, "दादा, एकटेच? मेसेजमध्ये तर सहकुटुंब लिहिलं होतं." मी म्हणलं, "कुटुंब पुढं गेलंय." खोटं कुठं होतं, सांग.

असा मी माझ्याच वाटेनं माझ्याच रानाकडं पाहुण्यांच्या शेपटाला चाललो. पुढून तुझा आवाज येत होता. "ह्या बोरीत आमचा परम्या अडकलता, चड्डी इथंच राहिली आणि परम्या घरी गेला." सगळी घरं हसली. ती डबेवाली बाईसुद्धा माझ्याकडं बघून हसली. मग मागं राहिलेल्यांना गोळा करायला तू आलास. माझ्यासमोर थांबलास, डोळ्यांत बघितलंस आणि म्हणलास, "चला काका, उचला पाय, आंबील संपंल." काका! ओळखलं नसशील तर नसशील. ओळखून म्हणला असशील तर लई हलकट हायस बे तू. वर्षभर मला हे कळलेलं न्हाई. रात्री पाळण्याचे नट आवळताना एकदम आठवतं आणि पाना हातातून निसटतो.

रानाजवळ आल्यावर मी घोळक्यातून सुटलो आणि तुरीत उभा राहिलो. येळवस काय असती ते तुला सांगायला नको, पण मीच तुला शिकवलंय म्हणून परत सांगतो. आमच्या आजूबाजूला एवढं कुणी करत न्हाई, मायचं माहेर औशाकडचं म्हणून ती करती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला कडब्याची कोपी, कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि भज्जी, म्हणजे शेंगा-पाल्याची मिसळभाजी, जेवायच्या आधी घरातल्या गड्यानं घोंगडं पांघरून, मडक्यातली आंबील शिंपत पिकाला फेरी मारायची. घरातल्या गड्यानं. बाबा कोपीसमोर घोंगडं घेऊन उभे होते. गुडघा धरून. त्यांचा गुडघा एवढा गेलाय ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाय उचलला होता, गुफरान. खरंच उचलला होता. मफलर काढायला हात वर गेला होता. तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "गुफरान, ये रं लेकरा, घे हे."

तू नको नको म्हणलास, ते मला दिसलं. बाबांनी ऐकलं न्हाई, तेही दिसलं. मग तू बूट काढलेस, मायनं तुझ्या खांद्यावर घोंगडं नीट केलं, आणि तू "ओलगे ओलगे, सालन पलगे" करत हरभऱ्याच्या कडंनं निघालास. त्याचा अर्थ ना बाबांना ठाऊक, ना तुला, ना मला. पण तुझ्यामागं बीडची सगळी लेकरं टोप्या सांभाळत, तेच ओरडत पळत होती, आणि पांढऱ्या बुटांचे साहेब अनवाणी. मी असतो तर टिटवी दिसली म्हणून मधीच थांबलो असतो. एकदा थांबलोतो. बाबा तिथूनच ओरडले होते, "अरं, देवाचं करायलास का पाखराचं?" तू कुठंच थांबला न्हाईस. मी तुरीतून मागं फिरलो, हायवेला आलो, मिळंल त्या गाडीत बसलो. तुळजापूरपर्यंत आंबिलीचा वास येत होता मला.

उलटंही करून बघितलं मी. या पावसाळ्यात बीडला आलतो तेव्हा तू गॅरेजात नव्हतास, म्हणून मुद्दाम स्टँडजवळ पाशा चाचांच्या फळांच्या गाड्यावर जाऊन बसलो. म्हणलं, हा माझा बाप घेऊन बसलाय, आपण याचा घेऊ. गिऱ्हाईकं केली, सफरचंदं पुसली. चाचांनी डाळिंब फोडून दिलं आणि म्हणले, "खा बेटा, और वो गुफरान को बोल, घर को जल्दी आ." झालं! तुझी जागा घ्यायला गेलो आणि तुझाच निरोप घेऊन उठलो.

यंदा अमावास्या सुट्टीच्या आधीच येतीय. मला वाटलं, चला, यंदाची येळवस तरी घरची होईल, बीडची गर्दी नसंल, जावं. तर माय फोनवर म्हणती, "पांडवाची पूजा तेवढी अमावास्येला उरकते. भज्जी, आंबील, फेरी सगळं नाताळाच्या सुट्टीत. लेकरं यायची हायेत." मी म्हणलं, माय, देव थांबंल का? "थांबंल की," म्हणली. "त्याला कुठं शाळा हाय!" दहावीत माझी क्रिकेटची फायनल होती, येळवशीला सांजच्याला येतो म्हणलो, तर पाठीत बुक्की बसली होती. माझ्यासाठी तिनं कधी एकादशी हलवली न्हाई. तुझ्यासाठी अमावास्या हलवली.

आणि काल तिचा परत फोन आला. म्हणली, गुफरान चाललाय. रियाधला. रुकसाना भाभीच्या भावानं तिकडं गॅरेजात काम बघितलंय, व्हिसा आलाय, ही फेरी झाली की जानेवारीत जाणार. मला वाटलं, आता मला आनंद होईल. मी वाट बघत बसलो, पण झाला न्हाई. माय रडत होती. बाबा मागून म्हणत होते, "रडू नको, त्याला त्याचं पोट हाय," आणि त्यांचाच आवाज नीट न्हाई. मी घर सोडलं तेव्हा ती रडली का, ते मला विचारायचं होतं. विचारलं न्हाई. शेवटी म्हणली, "तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो," आणि फोन ठेवला. दर फोनला ठेवायच्या आधी ती विचारती, "कवा येतोस?" मी काहीतरी सांगतो, मालक, पाळणा, पाऊस. काल तिनं विचारलंच न्हाई. मी उत्तर तयार करून फोन कानाला लावून बसलो होतो.

तर जाऊ नको. एवढं लिहायला ही सगळी पानं लागली. मायनं सांगितलं म्हणून लिहितोय असं समजू नको. तू गेलास की बाबा मला बोलावतील. मी येईन, घोंगडं माझ्या खांद्यावर येईल, वर्षभर ज्यासाठी जळलो ते सगळं मिळंल, आणि दुसऱ्या फेरीलाच मी बीडच्या लोकांना ओढ्यात उभं करून कुणाच्यातरी मेंढरांमागं निघून जाईन. मला मी ठाऊक हाय. मग त्या दोघांजवळ कुणीच न्हाई. मी गावोगाव हिंडतो ते कशाच्या जिवावर, तर तिकडं तू हायस. तुझ्यावर जळतो आणि निवांत झोपतो बे मी. भाभीच्या भावाला काय सांगायचं ते तू सांग, म्हण कंबर धरली, म्हण आयशाची शाळा हाय, काहीपण म्हण. आणि एवढं वाचूनही गेलासच, तर एक कर, तिकडून मायला रोज फोटो पाठवू नको. मी फोन केला की ती म्हणंल, "थांब रं परम्या, गुफरानचा फोटो आलाय, तेवढा बघते."

तुझ्यावर जळणारा आणि तरी तुझाच,
परम्या