मारियेची ओढणी, आईचा रुमाल

ताई,

ईस्टरच्या सुट्टीत मलेशियाला आईकडे तू आणि मावशी दोघीच जा. मी इथेच, फिलिपीन्समध्ये, बाकोलोद शहरात मैत्रिणीकडे निघाले आहे. बॅगेतले माझे कपडे काढून घेतले आहेत. त्या जागेत आईसाठी सुके आंबे भर.

काल स्वयंपाकघरात मावशी म्हणाली, "पोचल्या पोचल्या आधी तिच्या डोक्यावरचं ते फडकं उतरवायचं, मग जेवायला बसायचं." तू हसलीस. "उतरवायला आपली देवदूत आहे की! सवय आहे तिला." ते हसणं अजून या घरात ओलीसारखं मुरून आहे.

हो, सात वर्षांची असताना, आईने शिवलेले पंख लावून, ईस्टरच्या पहाटे, आपल्याकडे दरवर्षी एक मुलगी होते तशी देवदूत होऊन, मी येशूच्या आईच्या, मारियेच्या मूर्तीवरची काळी ओढणी उचलली होती आणि सारा चौक टाळ्या वाजवत होता. पण ती ओढणी पुत्रशोकाची होती. हमदानशी लग्न करून मुसलमान झालेल्या आईने आपला रुमाल आरशात पाहून, स्वतःच्या हातांनी बांधला आहे. तिला शोक असलाच, तर तो पाच वर्षांत एकदाही तिकडे न फिरकलेल्या आपल्या दोघींचा.

मी तिला फोनवर सगळं सांगून टाकलं. "येऊ दे गं त्यांना," ती म्हणाली, "भात जास्त टाकते." मग तिने विचारलं, "यंदा देवदूत कोण होणार आहे? पंख कोणी शिवले?"

मला ठाऊक नव्हतं. चौकशी करून जा, आणि तिच्या डोक्याकडे न पाहता सांगता आलं, तर सांग.

सलोमे