गळ्यापर्यंत टाकी

रविवार, अष्टमी

आज भाऊजींच्या नव्या हायब्रिडमधून पेणला लग्नाला गेले. वाटभर गाडीतल्या पडद्यावर त्यांचं बोट. "बघा वहिनी, अठ्ठावीसचं अ‍ॅव्हरेज! दादाचा डबा द्या आता भंगारात."

यांच्या गाडीला डबा म्हणे. सख्ख्या भावाला जाऊन आठ महिने नाही झाले.

निघताना मी रोह्याच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली होती. हे भरायचे तशीच, गाडी हलवून हलवून. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. किलोमीटरला लिटरने भागलं. एकवीस.

"पडदा काय खोटं बोलंल?"

"मग पंप बोलतो काय, भाऊजी?"

तोंड बघण्यासारखं झालं. बरं वाटलं मला, का खोटं लिहू?

आमची सतरा देते. त्यांची जास्तच देते, कबूल. पण यांनी कधी सतराचे अठरा सांगितले नाहीत. पेट्रोलच्या हिशेबाची वही आहे ना.

आता वहीच उघडून बसलेय. शेवटची ओळ यांच्या अक्षरात: टाकी गळ्यापर्यंत, पुढे किलोमीटरचा आकडा. अ‍ॅव्हरेजची जागा कोरी. ते पुन्हा भरल्यावरच कळतं.

ती टाकी अजून संपलेली नाही. भंगारात कशी देऊ?